न झालेली टांगणी

समुद्राचे पाणी जिथे दिवसातून दोनदा जमिनीवर येते आणि दोनदा परत जाते, अशा एका खाजणात उंदरांचे एक कुळ राहत असे. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी खाजण पाहिले नसेल तर सांगतो. काळा मऊ चिखल, त्यात तिवरांची बुटकी झाडे, मुळांमध्ये खेकड्यांची बिळे आणि सगळ्यावर मिठाचा वास. एरवी भरतीचे पाणी झाडांच्या मुळांशी खेळून निघून जाते, पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आले की तेच पाणी फांद्यांपर्यंत चढते. अशा जागी राहायचे म्हणजे कठीणच, असे तुम्हाला वाटेल. या उंदरांना तसे वाटत नसे. पाणी आले की ते वर जात आणि पाणी गेले की खाली येत. त्यात त्यांना काही विशेष दिसत नसे.

मात्र वर जाणे हे कुणी पोटातून शिकून येत नाही. म्हणून त्या कुळात एक रीत होती. पिल्लांचे डोळे उघडले की पहिल्या उधाणाच्या आत त्यांचा मामा येई. तो एकेका पिल्लाला फांदीवर नेई, त्याच्या शेपटीचा वळसा फांदीला घाली आणि खुशाल हात सोडून देई. पिल्लू उलटे लटके, किंचाळे, आईला हाका मारी. आईने मात्र जवळ जायचे नसे. थोड्या वेळाने शेपटीला आपले काम कळे आणि पिल्लू हसू लागे. या रीतीला टांगणी म्हणत. टांगणी झाली की मामा सगळ्यांना चिखलात उगवणाऱ्या मोरसाचे खारट कोंब वाटी, आणि त्या दिवसापासून ते पिल्लू खाजणाचे झाले असे समजत.

या कुळातली एक उंदरीण लग्न होऊन बांधावर गेली. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून माणसांनी मातीचा लांबलचक बांध घातला होता. त्याच्या एका अंगाला खाजण, दुसऱ्या अंगाला भाताची शेते. बांधावर शेतउंदरांची बिळे होती, आणि त्या सगळ्यांवर वचक होता एका घुशीचा. ही घूस अंगाने चांगलीच भरलेली होती. तिच्या मुली, सुना, नातवंडे असा मोठा गोतावळा होता, आणि सगळे तिला बाई म्हणत. बाईंनी बांध आतून पोखरून दालनांमागून दालने काढली होती. भाताच्या लोंब्या ठेवायला वेगळे दालन, निजायला वेगळे, पाहुण्यांना वेगळे. बांधावर कुणी बीळ काढायचे तर बाईंना विचारून काढायचे, असा तिथला शिरस्ता होता.

उंदरीण नवीन होती तेव्हा बाईंनी तिला हुंगले आणि नाक मुरडले. "खाजणातली वाटतं," त्या म्हणाल्या. "हरकत नाही. पेंढ्यात लोळत जा रोज, म्हणजे वास जाईल."

उंदरीण रोज पेंढ्यात लोळू लागली. आधी ती सांगितले म्हणून लोळे, मग सवय म्हणून आणि शेवटी मनापासून. कोरडे बीळ, बाराही महिने भात आणि बाईंची ओळख! खाजणातल्या चिखलात काय होते, असे तिला वाटू लागले. आषाढात तिच्या नवऱ्याला घारीने उचलले, तेव्हा माहेरी परत जावे असे तिच्या मनातही आले नाही. तिच्या पोटात पिल्ले होती. ती बाईंच्या पाया पडली. बाईंनी आपल्या शेवटच्या दालनाला लागून असलेले एक लहान बीळ तिला दिले. "पण एक गोष्ट," बाई म्हणाल्या. "मुलं आमच्या वळणाची झाली पाहिजेत. तिकडचं काही इथे चालायचं नाही."

"नाही हो बाई," उंदरीण म्हणाली. "तिकडचं त्यांना कळणारसुद्धा नाही."

तिने शब्द पाळला. तिला चार पिल्ले झाली. ती त्यांच्याशी बांधावरची स्वच्छ भाषा बोले, खाजणातला एक शब्द तोंडातून निसटू देत नसे. बांधावरच्या सगळ्या चांगल्या रीती तिने त्यांना शिकवल्या. त्यांतली सर्वांत मोठी रीत होती दार लिंपण्याची. बांधावर भीती असे ती घारीची, घुबडाची आणि कोल्ह्याची. तेव्हा धोका दिसला की आत पळायचे, ओल्या मातीने दार आतून लिंपायचे आणि चिडीचूप बसायचे. बाहेरून कुणी उकरू लागले तर आतून आणखी माती थापायची. घारीपुढे आणि कोल्ह्यापुढे ही रीत अगदी योग्य होती, यात शंका नाही. पिल्ले हुशार होती. थोड्याच दिवसांत ती इतक्या सफाईने दार लिंपू लागली, की बाई आपल्या नातवंडांना त्यांच्याकडे बोट दाखवून बोलत. अशा वेळी उंदरिणीला आभाळ ठेंगणे होई.

एकदाच काय तो तिचा जीव वरखाली झाला. बांधाला टेकून एक जुने तिवर उभे होते आणि त्याची एक फांदी वाकून तिच्या दाराशी आली होती. एका सकाळी सर्वांत धाकटे पिल्लू त्या फांदीवर चढले. कुणी सांगितले नव्हते, शिकवले नव्हते. शेपटीचा अर्धामुर्धा वळसा घालून ते उलटे लोंबकळले आणि खिदळू लागले.

"अगं बाई!" मागून बाईंचा आवाज आला. "हे काय माकडचाळे? आमच्यात कुणी चढत नाही हो."

उंदरीण धावली. तिने पिल्लाला फांदीवरून ओढून काढले आणि त्याच्या कानाला असा चावा घेतला की रक्त आले. "पुन्हा चढलास तर याद राख," ती म्हणाली. पिल्लू रडत म्हणाले, "पण आई, मजा येत होती." त्यानंतर मात्र ते त्या फांदीकडे फिरकले नाही.

अशात एके दिवशी उंदरिणीचा भाऊ आला. चिखलाने बरबटलेला, तोंडात मोरसाच्या कोंबांची जुडी धरलेली. बहिणीच्या दाराशी उभा राहून त्याने जुडी खाली ठेवली आणि खाजणातल्या मोकळ्या गळ्याने हाक मारली, "गो बाय, आसस काय घरात? मी इलंय!"

उंदरीण घाईघाईने बाहेर आली. "हळू बोल," ती म्हणाली. "इथे असं ओरडत नाहीत."

"बरां, हळू बोलतंय," भाऊ म्हणाला. त्याला वाईट वाटले नाही, तो फार आनंदात होता. "पोरांचे डोळे उघडले, असा आयकलंय. टांगणी करूक इलंय. खंय आसत माझी पोरां?"

टांगणी हा शब्द ऐकताच उंदरिणीने मागे वळून पाहिले. पिल्ले दाराच्या आतून माना उंचावून पाहुण्याकडे बघत होती. आणि तेवढ्यात शेजारच्या दालनातून बाईंचे थोरले तोंड बाहेर आले. "कोण आलंय गं?" त्यांनी विचारले.

आता इथे उंदरीण काय बोलली ते मला सांगवत नाही, पण सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही. ती म्हणाली, "कुणी नाही बाई. खाजणातला आहे कुणीतरी. वाट चुकलाय."

 भाऊ बाईंकडे वळला आणि मान लववून म्हणाला, "व्हय बाई. वाट चुकलंय."

बाई हुंगून आत गेल्या. भाऊ जुडी तिथेच ठेवून उतरू लागला. दोन पावले गेल्यावर तो थांबला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "माका बोलवू नको, हरकत नाय. पण पोरांका चढाक शिकव. तू शिकव, तुका येता मां?"

उंदरिणीने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे तिचे तिलाही ठाऊक नव्हते. भाऊ दिसेनासा झाल्यावर तिला लाज वाटली. आधी वाटली ती भावाच्या चिखलाची, मग वाटली ती आपल्या बोलण्याची, आणि दुसरी लाज पहिलीपेक्षा जड होती. तरीही तिने केले काय? मोरसाची जुडी उचलली आणि कुणाला दिसू नये म्हणून मातीत पुरून टाकली.

"आई, तो कोण होता?" धाकट्याने विचारले.

"कुणी नाही," उंदरीण म्हणाली. "आत चला आणि दार लिंपून दाखवा बघू."

श्रावण उलटला. इतकी वर्षे दर उन्हाळ्यात माणसे येऊन बांधाला नवी माती घालीत, खचलेल्या जागी दगड बसवीत. पण त्या वर्षी शेते पडीक राहिली होती आणि बांधाकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते. आतून बाईंची दालने वाढतच होती, कारण नातवंडे वाढत होती. एक दिवस उंदरीण आपल्या बिळाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसली असताना तिला ओल लागली. तिने भिंत हुंगली, मग जिभेने चाटून पाहिली. चव खारट होती.

ही चव तिला आईच्या दुधाइतकी ओळखीची होती. पावसाचे पाणी गोडे असते, हे तर तुम्हीही जाणता. भिंतीत खारट ओल होती, म्हणजे खाडी आत येत होती. उंदरीण उठली आणि तडक बाईंकडे गेली. बाईंकडे सगळा गोतावळा जमलेला होता.

"बाई," ती म्हणाली, "मागच्या भिंतीला खारट वास येतोय."

बाईंनी हवेत नाक फिरवले. मग ते नाक उंदरिणीजवळ आणून त्या म्हणाल्या, "भिंतीला? अगं, तो वास भिंतीचा नव्हे!"

सगळ्या घुशी खदखदून हसल्या. आणि उंदरीणही हसली. मला त्या घुशींच्या हसण्याचा राग येत नाही, पण तिच्या हसण्याचा अजून येतो. तिची जीभ खोटे सांगत नव्हती, हे तिला पक्के माहीत होते. तरी ती हसली, घरी आली आणि दोनदा पेंढ्यात लोळली. त्यानंतर तिने ती भिंत पुन्हा चाटली नाही. ओल वाढू लागली तशी ती पिल्लांना दाराजवळ निजवू लागली, एवढेच.

भाद्रपदातल्या अमावास्येला मोठे उधाण आले. वारा समुद्राकडून होता. त्या दिवशी बाईंकडे नातवाचे बारसे होते आणि दाराभोवती नवी माती लिंपायला उंदरिणीला बोलावले होते. भर दुपारी ती बाईंच्या दाराशी माती थापत असताना तिच्या पायांखालची जमीन हलली. बांध आधी पाण्यात बुडवलेल्या भाकरीसारखा मऊ झाला, मग एका जागी खाली बसला, आणि त्या खिंडारातून खाडी शेतात घुसली.

"पळा!" बाई ओरडल्या. "टेकाडाकडे पळा!" सगळा गोतावळा बांधाच्या माथ्यावरून टेकाडाकडे सुटला. घुशींचे पाय लांब आणि छाती दांडगी, त्यांना ते जमणारे होते. कुणीही मागे वळून पाहिले नाही. उंदरिणीच्या पिल्लांची आठवण कुणाला असण्याचे कारणही नव्हते.

उंदरीण उलट दिशेला धावली. लांबूनच तिला चारही पिल्ले दाराबाहेर उभी दिसली. त्यांच्या डोक्यावर, अगदी हाताच्या अंतरावर, तिवराची ती फांदी होती.

"चढा!" ती ओरडली. "वर चढा रे! फांदीवर चढा!"

पिल्ले गोंधळली. आई असे काही कधी बोलली नव्हती. थोरले म्हणाले, "आई घाबरलीय. म्हणजे धोका आहे. आत चला." धाकट्याने एकदा फांदीकडे पाहिले, पण त्याचा कान अजून दुखत असावा. ते सर्वांच्या मागून आत गेले. उंदरीण पोचली तेव्हा दार बंद होत आले होते. आतून इवल्या पंजांनी शेवटची माती बसवली आणि फटसुद्धा उरली नाही.

तिने दार उकरायला सुरुवात केली. "उघडा! मी आहे, आई!"

"आई, आम्ही छान लिंपलंय," आतून थोरल्याचा आवाज आला. बाहेर खरवडल्याचा आवाज येत होता, म्हणून तो आतून आणखी माती थापत होता. तसेच शिकवले होते ना.

"लिंपू नका! बाहेर या, झाडावर चढायचंय!"

"पण आई," थोरले म्हणाले, "आपल्यात कुणी चढत नाही ना?"

 उंदरीण नखे तुटेपर्यंत उकरत राहिली. आत कुजबुज झाली. मग धाकट्याने विचारलेले तिने स्वच्छ ऐकले, "दादा, उघडू का?" तेवढ्यात बिळाच्या मागची भिंत, तीच, बाईंच्या दालनाकडची, ढासळली. पाणी पोखरलेल्या दालनांतून धावत आले आणि त्या लहानशा बिळात शिरले. आतून एकच मोठा आवाज आला. त्यानंतर कसलाही आला नाही.

बाहेरचे पाणी उंदरिणीच्या पोटाला लागले. ती दाराला चिकटून राहिली. तिला तिथून हलायचे नव्हते, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. पण लाटेने तिला उचलले, फांदीपाशी नेले, आणि तिच्या शेपटीने फांदीला वळसा घातला. तिने घातला नाही, शेपटीने घातला. कितीतरी वर्षांपूर्वी कुठल्याशा सकाळी तिच्या मामाने तिला उलटे टांगले होते, तेव्हा शेपटी जे शिकली ते ती विसरली नव्हती. उंदरीण आपल्याच शेपटीला चावली, तरी ती सुटेना.

तिथून तिला सगळे खाजण दिसत होते. तिवरातिवरांवर तिच्या कुळातले उंदीर बसले होते, भिजलेले, कुडकुडणारे, पण सगळेच्या सगळे. त्यांची पिल्ले शेपट्यांनी लटकून पाण्याकडे बघत होती आणि एकमेकांना ढोसत होती. तिचे पिल्लूही असेच लटकले होते एकदा, आणि त्याला मजा येत होती. उंदरिणीने डोळे मिटून घेतले.

ओहोटी लागल्यावर भाऊ फांद्यांवरून तिच्यापर्यंत आला.  शेपटीची पकड त्यानेच हळूहळू सोडवली आणि तिला खाली उतरवले. बांध निम्मा वाहून गेला होता. बाईंच्या दालनांची छपरे बसली होती. उंदरिणीच्या बिळाचे दार मात्र जसेच्या तसे होते. वरून थोडी माती ओघळली होती, बाकी घट्ट. भावाने पंजा लावला आणि तो उकरू लागला, तेव्हा तिने त्याला अडवले. आत काय आहे ते तिला ठाऊक होते.

संध्याकाळी घुशी टेकाडावरून खाली आल्या. बाईंनी आपली पडलेली दालने पाहिली, सुनांना चार शब्द सुनावले, आणि नवे घर बांधाच्या दुसऱ्या टोकाला काढायचे ठरवून टाकले. जाता जाता त्या उंदरिणीच्या दाराशी थांबल्या. भावाकडे त्यांचे लक्ष गेले नाही. त्यांनी ते लिंपलेले दार निरखून पाहिले आणि खरोखर हळहळून म्हणाल्या, "काय गं हे! इतक्या पाण्यातसुद्धा दार हललं नाही. गुणी होती हो पोरं. अगदी आमच्या वळणाची."

 उंदरिणीच्या अंगाला मिठाचा वास येत होता आणि आज तिला तो पुसायचा नव्हता. मग तिच्या तोंडून खाजणातली भाषा बाहेर पडली, पुष्कळ दिवसांनी, आणि ती ऐकायला तिचे एकही पिल्लू नव्हते.

"व्हय बाई," ती म्हणाली. "मीयाच शिकवलंय तेंका."

तात्पर्य : आपल्या माणसांची जी रीत आपल्याला लाजिरवाणी वाटते, ती मुलांपासून लपवण्याआधी ती कशासाठी होती ते आठवून पाहावे, कारण लाज वाटते ती आपल्याला आणि तिची किंमत मोजतात ती मुले.